उंबऱ्यासमोरचं पीठ

डिसेंबर अर्धा सरला की मी पहाटे उगाचच पुढचं दार उघडते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. समोर एकाला एक चिकटलेली घरं, फुटपाथवर कौन्सिलच्या बिन्स, गाड्यांच्या काचांवर पांढरं हिव. मी दारात उभी राहते, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघते आणि आत येते. थोड्या वेळाने पुन्हा उघडते. वरून संजय, माझा नवरा, ओरडतो, "शैला, अख्खं स्लाऊ गरम करायचं कंत्राट घेतलंयस का?"

मी हळवी बाई नाही. जुने फोटो काढून बसत नाही, देशातून इंग्लंडला येताना मूठभर मातीही आणली नाही. पण या महिन्यात मला एका जागी बसवत नाही. कपाट आवरायला काढते आणि अर्धं टाकून उठते. किटली लावते आणि चहा करायचा विसरते. कारण मला माहीत आहे. लग्नानंतरचा पहिला हिवाळा मी श्रीरंगमला काढला, आणि तिथे या महिन्यात अंधारात उठायची जी सवय लागली ती काही अंगातून गेली नाही. तमिळमध्ये या महिन्याला मार्गळी म्हणतात. आपला धुंधुरमास तोच. माझी आई या दिवसांत एखाद्या पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा असा थाट करायची, सूर्य वर यायच्या आत सगळ्यांना जेवायला बसवायची, की झालं. आमच्याकडे एका पहाटेचं कौतुक. तिकडे पुरा महिना तसाच.

यंदा माझ्याआधी दार उघडणारं माणूस घरात होतं. कनका मामी, आमची श्रीरंगमची घरमालकीण. मामी म्हणजे मराठीतलीच मामी. तिकडे ओळखीच्या कुठल्याही मोठ्या बाईला तसंच म्हणतात. मामींचा मुलगा मुरली लेस्टरला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. थंडीपुरतं त्याने आईला आणलं होतं, आणि ख्रिसमसच्या दिवसांत त्याची आणि बायकोची ड्युटी एकदमच लागली म्हणून मामी आमच्याकडे आल्या. हे वरवरचं कारण. खरं कारण मुरलीने फोनवर सांगितलं.

"अक्का, ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. शिवाय हे तर तुमचं रोजचं काम आहे."

ते खरं आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारातून उठलेली म्हातारी माणसं घरी एकटी राहू शकतील का, हे मी बघते. जिना, बाथरूम, उंबरठा, पलंगाची उंची. त्यांना चहा करायला सांगते आणि बाजूला उभी राहते. किटलीत पाणी भरताना हात थरथरतो का, गॅस बंद करायची आठवण राहते का, दूध काढायला वाकल्यावर तोल जातो का. चहा मला कधीच प्यायचा नसतो.

मामी एकट्या राहतात. मामा गेले, घर मोठं, आणि गेल्या पावसात दारातच घसरून मामींचं मनगट मोडलं. मुरलीने कोइंबतूरला निवृत्त लोकांच्या वसाहतीत एक फ्लॅट बघून ठेवला होता. जेवण, डॉक्टर, लिफ्ट, सगळं. जागा पोंगलपर्यंत राखून ठेवलेली. तोवर मामींनी हो म्हणायला हवं होतं. पोंगल म्हणजे आपली संक्रांत; त्या दिवशी मार्गळी संपते. आणि मामी मुरलीला एकच उत्तर देत होत्या, "मार्गळीत नवं काही ठरवत नाहीत." लग्न नाही, घर बदलणं नाही, सही नाही. तो महिना देवाचा. एवढा शिकलेला मुलगा, पण आईला हा प्रश्न विचारायला ख्रिसमसच्या सुट्टीचा हिशेब करून नेमका हाच महिना काढला.

माझं मत आधीच ठरलेलं होतं. त्या वयाची बाई, मोडून जोडलेलं मनगट, दगडी पायऱ्या, मुलगा सात समुद्रांपार. ऑफिसात अशी केस आली असती तर मी चहासुद्धा करायला लावला नसता.

पहिल्याच पहाटे खालून दाराचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. मामी नऊवारी नेसलेल्या, त्यांची मडिसार आपल्या नऊवारीच्या नात्यातलीच, वर माझ्या मुलीचं जांभळं पफर जॅकेट, कानाला लोकरीची टोपी, हातात तांदळाच्या पिठाची वाटी. दारासमोरच्या फरशा त्यांनी ओल्या फडक्याने पुसल्या होत्या. गुडघे न वाकवता, कमरेतून ओणवं होऊन, चिमटीतून पीठ सोडत त्या मागे मागे सरकत होत्या. मी सवयीने बघत होते: पाय किती रुंद टेकवलेत, मान वर करताना चक्कर येते का, आधाराला काय आहे. आधाराला रिसायकलिंगची निळी बिन होती. एकदा टाच सरकली आणि त्यांनी ती बिन घट्ट धरली. मनातल्या कागदावर मी खूण केली.

खाली जाऊन म्हणाले, "मामी, इथे हिव पडतं. पाय घसरेल."

"घसरला ना. बघितलंस की वरून." पीठ झटकत त्या म्हणाल्या, "आणि काय गं, तुमच्याकडे सूर्य भाड्याने आणावा लागतो का? केव्हाची उजाडायची वाट बघतेय."

मामी तमिळमध्ये बोलतात आणि मी तमिळ-इंग्रजीच्या भेळीत. इथे सगळं मराठीत लिहिते आहे, एवढंच.

*

श्रीरंगम म्हणजे त्रिचीचं नदीकाठचं उपनगर. खरं तर नदीकाठचं म्हणणंही कमीच, कारण एका अंगाला कावेरी आणि दुसऱ्या अंगाला तिचाच फाटा कोळ्ळिडम, मधे हे बेट. पुण्यात आपण देवळात जातो आणि परत येतो. तिथे देवळाच्या भिंतींच्या आतच लोक राहतात. चौकोनात चौकोन, त्याच्या आत आणखी चौकोन अशा भिंती, बाहेरच्या चौकोनांत घरं, दुकानं, मेस, सायकलवाला, डॉक्टर, आणि अगदी आतल्या चौकोनात देव पहुडलेला. टमाटे आणायला निघालं तरी एक गोपुर ओलांडावं लागतं. संजयला बॉयलरच्या कारखान्यात नोकरी होती, मला नव्हती. तो पहिल्या पाळीला गेला की मी चौकोन चालायची. बाहेरचा, मग आतला, मग पुन्हा बाहेरचा. भाषा येत नव्हती, मामींच्या स्वयंपाकघरात आम्हाला प्रवेश नव्हता, आणि पुण्याला परत जायचं म्हटलं तर कोणाला काय सांगणार? पायांना काम होतं, म्हणून मी चालायची.

मार्गळीत तो चौकोन अंधारातच जागा व्हायचा. कर्ण्यावरून बायकांच्या आवाजात गाणी. न्हालेल्या बायकांच्या केसांचं पाणी रस्त्यावर ठिबकायचं. देवाचं दार उघडताना त्याने सगळ्यात आधी गाय आणि हत्ती बघायचा, अशी तिथली रीत. त्यामुळे गाय आणि हत्ती आपले कामावर निघाल्यासारखे रोज अंधारात जायचे. हत्तीच्या पायातल्या साखळीचा आवाज आला की मी स्टोव्ह पेटवायची. मला घड्याळ लागत नसे. देवळातला पोंगल, म्हणजे त्यांची मुगाची खिचडी, पानावर मिळायचा, मिरं आणि तूप, इतका गरम की बोटं एकामागून एक बदलावी लागत. देवळाचं एक दार वर्षातून एकदाच या महिन्यात उघडतं. त्यातून गेलं की स्वर्ग. त्यासाठी माणसं आदल्या दिवसापासून रस्त्यांवर पथाऱ्या टाकत. मी एकदा त्या गर्दीत शिरले आणि नंतर चप्पल शोधत फिरले. स्वर्गाचं म्हणाल तर आठवत नाही. डाव्या पायातली मिळाली, उजवी मिळाली नाही, हे आठवतं.

संध्याकाळी कावेरीच्या घाटावर. पाऊस नुकताच संपलेला असायचा, पाणी गढूळ आणि घाईत. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दुसऱ्या कोणाचा तरी वाटायचा. मी पायऱ्यांवर बसायची आणि लगेच उठायची. वाहत्या पाण्याकडे बघून शांत वाटतं असं लोक म्हणतात. मला उलट होतं. ते चाललंय आणि आपण बसलोय, असं वाटतं.

मामींनी मला पाहिलं असणार. एका पहाटे त्यांनी खालून हाक मारली आणि हातात पिठाची वाटी दिली. "नुसती काय फिरतेस? काढ." कोलम म्हणजे त्यांची रांगोळी, पण तांदळाच्या पिठाची, मुंग्यांनी खावी म्हणून. आधी ठिपके, मग त्या ठिपक्यांभोवतीने न तुटणारी रेघ. मार्गळीत मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. माझी रेघ कुठल्याही ठिपक्याला वळसा न घालता सरळ नाल्याकडे निघायची. मामी म्हणायच्या, "ही बघा, हिची रेघ पण पुण्याला निघाली."

मग त्यांची बहीण कुंभकोणमला आजारी पडली. मामा-मामी दोघं बसने गेले. मागे राहिले मामींचे सासरे. त्यांना सगळे ताता म्हणत. ते मधल्या खोलीत खाटेवर असत आणि अनेक वर्षं "आता फार दिवसांचे सोबती नाहीत" असे होते. जेवण शेजारची नातेवाईक देणार होती. माझ्याकडे दोन कामं: ताताकडे डोकवायचं आणि दाराशी कोलम काढायचा.

दुसऱ्या पहाटे मी कोलम काढला, वाकडा पण पूर्ण, फूल खोचलं आणि वर डबा करायला गेले. संजय खाली उतरला. आदल्या दिवशी नदीकडच्या रस्त्याने येताना त्याची स्कूटर चिखलाने भरली होती. ती त्याने दारात उभी करून धुतली. बादल्यांनी. नुसती स्कूटर नाही. पुण्याचा टापटिपीचा मुलगा, पायरी धुतली, दारासमोरची जमीन धुतली, खराटा मारला, आणि शीळ घालत कामावर गेला.

धुतलेलं अंगण आणि त्यावर कोलम नाही. तोही मार्गळीत. त्याचा तिथे एकच अर्थ होतो, घरातून माणूस गेलं. मला तो अर्थ माहीत नव्हता, संजयला तर कोलमच दिसला नव्हता. डबे घासताना मला एवढंच जाणवलं की रस्ता गप्प झालाय. समोरच्यांचा रेडिओ बंद झाला. फूलवाली रोज दारात पुडी टाकायची, ती हातातली पुडी तशीच घेऊन पुढे गेली. मी खाली आले तर दारात उघड्या अंगाची, उपरणं कमरेला बांधलेली माणसं खाली बघत उभी. त्यांतल्या एका वयस्कांनी हळूच विचारलं, "ताता...?"

"आत आहेत," मी म्हणाले. "झोपलेत."

"तसंच म्हणायचं, बाळ," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "कॉफी कुठे आहे? आणि दारात एवढे लोक कशाला? कोण गेलं?"

पुढचं काय सांगावं. तोवर कोणीतरी एसटीडी बूथवरून कुंभकोणमला कळवलंही होतं. दुपारच्या बसने मामी आल्या, केस सुटलेले, डोळे सुजलेले, आणि बघतात तर ताता दहीभात खातायत. मामी पायरीवर मटकन बसल्या. आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी मी त्यांच्या स्वयंपाकघरातून आणलं, आणि कोणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून मला ते दार उघडं झालं. संध्याकाळी संजय घरी आला तेव्हा मामी वाटच बघत होत्या.

"संजय, इकडे ये. तुझ्या गाडीला न्हाऊ घाल. माझ्या दाराला नको."

*

स्लाऊमधे मामी रोज कोलम काढत राहिल्या. भोपळ्याचं फूल नव्हतं. त्यांनी माझ्या सुपरमार्केटच्या गुच्छातली पिवळी शेवंती पळवली, आणि शेणाच्या जागी कणकेचा गोळा. समोरच्या घरात पॉलीन राहते. शाळेत मुलांना जेवण वाढायची, आता निवृत्त. नवरा गेलेला, एक बुटका केसाळ कुत्रा. आमची कितीतरी वर्षांची ओळख म्हणजे एकमेकींची पार्सलं घेणं आणि एकमेकींची चावी ठेवणं. पहिल्या दिवशी ती रस्ता ओलांडून आली, पिठाकडे बघून म्हणाली, "उंदीर येतील हं, डिअर." दुसऱ्या दिवशी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कालचं जास्त छान होतं." मामींना मी ते भाषांतर करून सांगितलं. मामी म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. आज कंबर धरली होती."

मामींना आमच्या गल्लीतली दारं बघायला आवडायची. दिवसाउजेडी त्या फिरून यायच्या आणि चौकशा करायच्या.

"दारांवर ही हिरवी गोल कडी आहेत, ती रोज नवी करतात?"

"नाही मामी. ख्रिसमसची सजावट आहे ती. एकदा लावली की जानेवारीत काढायची."

"तोवर तीच?"

"तीच."

त्यांनी तोंड वाकडं केलं, एवढंच.

मी माझं काम सुरू केलं. टॅबवर कोइंबतूरचे फोटो दाखवले. बाग, जेवणघर, व्यायामशाळा, रेलिंग लावलेलं बाथरूम. बाथरूम खरंच उत्तम होतं, मी व्यावसायिक कौतुकाने बोलत होते. मामी चष्मा लावून प्रत्येक फोटो नीट बघत होत्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दार कुठे उघडतं?"

"कॉरिडॉरमधे."

"आणि कोलम?"

मी फोटो मोठा केला. कॉरिडॉरमधल्या प्रत्येक दारासमोर कोलम होता. एकसारखा. प्लास्टिकचा स्टिकर. पिठाने पाय घसरतात म्हणून तिथल्या लोकांनी केलेली सोय. मी असते तर मीही तेच सुचवलं असतं.

"रोज हाच?"

"हो, रोज हाच. किती सोपं."

मामींनी चष्मा काढला. "मग आतलं माणूस आहे की गेलं, हे कळणार कसं?"

"मामी, गळ्यात बटण असतं. दाबलं की नर्स येते."

"आणि दाबायला जमलं नाही तर?"

माझ्या कित्येक पेशंटांची बटणं बाथरूमच्या खुंटीला टांगलेली असतात. गळ्याला टोचतात म्हणून. आणि मला गेल्या वर्षीची एक बाई आठवली. तिची तपासणी मीच केली होती. चहा तिने अगदी व्यवस्थित केला, साखर किती विचारली. घरी गेली, दोन महिने छान राहिली. मग एके दिवशी गेली, आणि बरेच दिवस कोणाला कळलं नाही. पोस्टमन रोज येत होता, शेजारी रोज जात होते. तिच्या दारावर ख्रिसमसचं कडं होतं. मार्चमधे. लाल रिबिनीसकट.

"गेल्या पावसात तुम्ही पडलात," मी विचारलं, "तेव्हा कोणाला कळलं?"

"फूलवालीला. अर्धाच कोलम दिसला तिला. पीठ सांडलेलं, मी दाराच्या आत. ओरडायला लागली, तर समोरच्या लॉजचा मॅनेजर लुंगी सावरत धावत आला." मामी हसल्या. "मी त्याला म्हटलं, आधी लुंगी बांध. मग मला उचल."

त्यानंतर माझी अस्वस्थता वेगळी झाली. मत बदललं नव्हतं. पण बसतही नव्हतं. मला श्रीरंगमचा भाबडा भरवसा नाही. मुरली सांगतो ते खरं आहे: त्या रस्त्यावरची अर्धी घरं पाडून यात्रेकरूंसाठी लॉज झालेत, त्यांच्या दारांत ऑइल पेंटचे कोलम आहेत, बारा महिने तेच. जे उघडं अंगण वाचत होते त्यांतले बहुतेक गेले. ताता गेले, समोरचा रेडिओ गेला. आता वाचणारं उरलंय कोण? एक फूलवाली आणि एक लुंगीवाला मॅनेजर. एवढ्यावर कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही.

जानेवारीच्या एका सकाळी मला उशीर झाला. संजय कामासाठी रेडिंग गावी गेलेला. मामी अजून उठल्या नव्हत्या. थंडीत जरा झोपू देत, असा विचार करून मी दार ओढून निघाले. हॉस्पिटलात एका आजोबांना चहा करायला लावला होता. ते दूध शोधत असताना माझा फोन वाजला. पॉलीन.

"डिअर, तुमच्या दारात आज चित्र नाही."

"काय?"

"चित्र. पिठाचं. मी केव्हाची बघतेय. बेल वाजवली, कोणी उघडत नाही. तुमच्या त्या बाई बऱ्या आहेत ना?"

मी आजोबांना खुर्चीत बसवलं. "तुझ्याकडे चावी आहे. आत जा. फोन बंद करू नकोस."

चावीचा आवाज आला. जिन्यावर तिची धाप, मागे कुत्र्याच्या नखांची टिकटिक. "हॅलो? हॅलो, लव्ह?" पॉलीन म्हणत होती. मग दार. मग काहीच नाही. मी कॉरिडॉरमधे उभी होते, आणि माझे पाय, जे कधी थांबत नाहीत, ते जमिनीला चिकटले होते.

मग मामींचा आवाज आला, तापाने बसलेला पण ताताच्या तोडीचा: "कुत्रा! कुत्रा बाहेर काढ आधी! गादीवर चढतंय ते!"

मी भिंतीला टेकले आणि हसले. आजोबा म्हणाले, "चांगली बातमी?" मी म्हटलं, "उत्तम."

साधा फ्लू होता. कानातलं यंत्र काढून झोपल्याने बेल ऐकू आली नव्हती. संध्याकाळी मी रसम घेऊन वर गेले तेव्हा मामी उशीला टेकून बसल्या होत्या.

"तिला कोणी सांगितलं होतं?"

"कोणाला, काय?"

"त्या गोरीला. रिकाम्या दाराचं."

"कोणीच नाही."

मामींनी रसमचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे रोज बघायला काहीतरी द्यावं लागतं. बघणारे मिळतात."

*

भोगीच्या दिवशी मुरली आला. मी भोगीची भाजी केली होती, वाल, गाजर, वांगं, तिळाचं कूट, आणि तीळ लावलेल्या भाकऱ्या. त्याने पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं.

"मग अक्का? काय ठरलं?"

"मामींना श्रीरंगमला जाऊ दे."

त्याने भाकरी खाली ठेवली. "अक्का, मी तुमच्याकडे तिला समजवायला पाठवलं होतं. मला भावना नकोत. प्रोफेशनल मत हवंय."

"तेच देतेय. पायरीला दोन्ही बाजूंनी रेलिंग लावून घे. दारातला दगड बदल, खरबरीत घाल. बसून कोलम काढता येईल असा जरा उंच पाट करून घे."

"पाट मला नको," मामी म्हणाल्या.

"पाट हवाच, मामी. ही माझी अट आहे. आणि चावी फूलवालीकडे एक, समोरच्या मॅनेजरकडे एक."

"फूलवालीसुद्धा आता म्हातारी झालीय," मुरली म्हणाला.

"तिची सून येते आता," मामी म्हणाल्या. "तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"आणि अम्मा पुन्हा पडली तर?"

"पडतील," मी म्हणाले. "कोइंबतूरलाही पडतील. इथे माझ्या दारात पडता पडता वाचल्या. कोणी पडणार नाही अशी जागा मी आजवर बघितली नाही, मुरली. मी एवढंच बघते की पडल्यावर कोणाच्या किती लवकर लक्षात येईल. कोइंबतूरचं दार रोज सांगणार, सगळं ठीक आहे. नसलं तरी."

संजयने मुरलीला लोणी वाढलं. ते भाकरीला लावत तो म्हणाला, "एक वर्ष. मग पुन्हा बघू."

"माझं ठरवताय सगळे," मामी म्हणाल्या, "आणि ताटात भाजी मात्र कोणी वाढत नाही."

तो बरोबर वागला की नाही, मी बरोबर वागले की नाही, हे मला अजून माहीत नाही. माझं काम असं आहे की चुकलं तरच उत्तर कळतं.

पोंगलच्या सकाळी मामींनी दारभर कोलम काढला, फुटपाथपर्यंत गेलेला, कडेने गेरूच्या ऐवजी माझं तिखट घातलेला. पॉलीन कोट घालून बघायला आली, कुत्र्याला मात्र घरी ठेवून. गाडीत बसताना मामींनी मला बजावलं, "मी गेल्यावर लगेच धुऊ नकोस. निघालेल्या माणसाच्या मागे दार धुत नाहीत."

"मामी, काळजी नको," संजय म्हणाला. "मी स्कूटर कधीच विकली."

पीठ तीन-चार दिवस होतं. मग पावसाने नेलं. मी कोलम काढत नाही. मला वेळ नाही आणि माझी रेघ अजून नाल्याकडेच जाते. फेब्रुवारी लागला, मामी आपल्या घरी पोचल्या, पाटाबद्दल मला फोनवर शिव्या घालून झाल्या.

पण सकाळी दार ओढून निघाले की मी गाडी लगेच सुरू करत नाही. समोर बघते. पॉलीनचा खालचा पडदा मी निघायच्या आत उघडलेला असतो, हे मला आता माहीत आहे. इतकी वर्षं माहीत नव्हतं. आज तो बंद होता. मी सीटबेल्ट लावला. काढला. पुन्हा लावला. मीटिंगला आधीच उशीर होत होता. मग उतरले, रस्ता ओलांडला आणि बेल वाजवली. आत कुत्रा भुंकला. काही क्षण गेले. मग पायांचा आवाज, साखळीचा आवाज, आणि ड्रेसिंग गाउनमधली पॉलीन, केस एका बाजूला चपटे.

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून माझ्या उघड्या राहिलेल्या गाडीकडे.

"आहे मी अजून," ती म्हणाली. "जरा डोळा लागला. आलीच आहेस तर चहा घेशील?"

"कर," मी म्हणाले, आणि तिच्या मागोमाग किचनमधे गेले. ती किटली भरत होती, आणि मी पाठ फिरवून खिडकीचा पडदा उघडला. चहा मी सगळा प्यायले.